प्रतिसाद: पोरांना रस असतो, काम द्या
गडावर नेऊन मुलांना नुसतं प्लास्टिक उचलायला लावू नका, हे गडसहलींवरच्या मूळ लेखात म्हटलंय ते पटलं. पण त्यातलं ‘नववी-दहावीच्या पोरांना इतिहासात रसच नसतो’ हे अजिबात खरं नाही. साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटेच्या विहिरीवर, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या दगडी विहिरीवर, वर्ग नेला, तेव्हा शिलालेख वाचायचं काम मी मुलांवरच सोपवलं. अक्षरांत खडू, पीठ काही भरायचं नाही, दगडाला ते बाधतं. मोबाईलची बॅटरी बाजूने तिरकी धरली की सावलीने अक्षरं उठून दिसतात. एकीने बोट न लावता ‘शके १६४१’ वाचलं, इसवी सन काढायला त्यात ७८ मिळवले आणि ओरडलीच, “सर, १७१९! म्हणजे साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळातली!”

वर येताना एक टोळकं भिंतीवर नाव कोरत होतं. त्यांना याच पोरांनी थांबवलं, मला मधे पडावं लागलं नाही.