विषय: देवगडच्या शाळेसाठी पेंटियम जी४५६० की अ‍ॅथलॉन २००जीई?

प्रेषक: शाळा-मदत उपसमिती, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यातल्या शाळेच्या संगणक खोलीसाठी आठ जुनी मशिनं घ्यायची आहेत. दोन कोटेशन हातात आहेत. कोल्हापूरचा विक्रेता पेंटियम जी४५६० (इंटेलचा प्रोसेसर) देतो: एच११० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, १ टीबी हार्ड डिस्क. रत्नागिरीचा अ‍ॅथलॉन २००जीई (एएमडीचा प्रोसेसर) देतो: ए३२० बोर्ड, ४ जीबीच्या दोन स्टिक, २४० जीबी एसएसडी. रत्नागिरीचं मशिनमागे बाराशे रुपयांनी महाग पडतं. मुलं मराठी टायपिंग, स्क्रॅच (मुलांसाठीचं प्रोग्रॅमिंग), लिबरऑफिस शिकणार आणि व्हिडिओवरचे धडे बघणार. जाणकारांनी मत द्यावं.

प्रेषक: टोरांटो

नमस्कार ताई,

नुसत्या प्रोसेसरचं म्हणाल तर दोघांत डावं-उजवं करण्यासारखं फार नाही. दोन्हीत दोन कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), चार थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). जी४५६० जानेवारी २०१७ चा, ३.५ गिगाहर्ट्झ, ३ एमबी कॅश (प्रोसेसरमधली छोटी मेमरी), ५४ वॅट. २००जीई सप्टेंबर २०१८ चा, ३.२ गिगाहर्ट्झ, ४ एमबी कॅश, ३५ वॅट. बाजारात आले तेव्हा किंमत अनुक्रमे ६४ आणि ५५ डॉलर. जी४५६० तेव्हा गाजला, कारण इंटेलने पेंटियमला हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड) दिलं आणि जवळपास दुप्पट किमतीच्या, इंटेलच्याच आय३-७१०० कडे लोकांनी पाठ फिरवली. एका कोअरवर चालणाऱ्या कामात तो आजही २००जीईच्या किंचित पुढे आहे, पण वर्गात बसलेल्या मुलाला तो फरक कळणार नाही.

ग्राफिक्समध्ये मात्र अ‍ॅथलॉनचं व्हेगा ३ हे पेंटियमच्या एचडी ६१० पेक्षा सरळसरळ सरस आहे. फक्त त्याला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच काम चालवतं. एकच स्टिक असेल तर ड्युअल चॅनल (रॅमकडे एकदम दोन वाटा) मिळत नाही आणि त्याचा जोर बराच उतरतो. म्हणून ४ जीबीच्या दोन स्टिक हा त्या कोटेशनचा मोठा गुण आहे.

व्हिडिओत दोघं बरोबरीचे. व्हिडिओ दाबून पाठवायच्या पद्धतींपैकी एच.२६४ आणि व्हीपी९ ग्राफिक्सवर चालतं, एव्ही१ दोघांच्याही ग्राफिक्सला झेपत नाही. यूट्यूबने एव्ही१ पाठवलं की सगळा भार दोन कोअरवर येतो आणि चित्र अडखळतं. खात्याच्या सेटिंगमध्ये प्लेबॅकखाली ‘एव्ही१ फक्त एसडीसाठी’ हा पर्याय निवडून ठेवावा.

आणखी एक फरक जाहिरातीत कोणी सांगत नाही. या पेंटियममध्ये इंटेलने एव्हीएक्स (एकदम बरेच आकडे हाताळणाऱ्या सूचना) बंद ठेवलं आहे, अ‍ॅथलॉनमध्ये एव्हीएक्स२ पर्यंत सगळं आहे. पुढे कोणी पायथन शिकवताना टेन्सरफ्लोचं (मशीन लर्निंगचं) तयार पॅकेज टाकलं, तर पेंटियमवर ते ‘इलिगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडेल. स्क्रॅचला काही फरक पडत नाही.

विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत दोन्ही नाहीत आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हा विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही फुकट सिस्टिम टाकावी, त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेच, वेगळं काही उतरवायला नको.

माझं मत रत्नागिरीकडे झुकतं. बाराशे रुपये प्रोसेसरचे नाहीत, एसएसडीचे आहेत. कोल्हापूरच्या मशिनला नंतर एसएसडी घालायची म्हटली तर तेवढे पैसे लागतीलच. हार्ड डिस्कवर मिंट सुरू होऊन ब्राउझर उघडेपर्यंत तासिकेतली बरीच मिनिटं जातात, आणि त्याला कुठलाही प्रोसेसर उपाय नाही.

प्रेषक: मालवण (दुरुस्तीचं काम)

नमस्कार,

वरच्या मेलमधलं सगळं पटलं, पण किनाऱ्यावर प्रोसेसर मरत नाही, बोर्ड मरतो. त्यामुळे मी प्रोसेसर बघायच्या आधी मशीन उलटं फिरवून पाठ बघतो. यूएसबीच्या पत्र्यावर आणि ऑडिओच्या भोकांत पांढरी किंवा हिरवी भुकटी दिसली तर ते मशीन खाऱ्या हवेत राहिलंय. आतले सांधेही तसेच असणार. असा बोर्ड फुकट मिळाला तरी नको. घाटावरून आलेलं मशीन या बाबतीत सहसा स्वच्छ निघतं, एवढी कोल्हापूरच्या कोटेशनची जमेची बाजू. ती मी हलकी धरणार नाही.

मशिनं आल्यावर एसएमपीएसच्या (मशीनला वीज देणाऱ्या डब्याच्या) जाळीतून टॉर्च मारून बघा. मुंग्यांना तिथली ऊब आवडते, आणि पहिल्या पावसात शॉर्ट होतो तो तिथेच. तारीख-वेळ धरून ठेवणारा सीएमओएसचा सेल, सीआर२०३२, आठही मशिनांत आल्याआल्या नवा घाला. शाळा मे महिन्यात बंद होते ती थेट पाऊस लागल्यावर उघडते. तोवर सेल उतरतो, तारीख मागे जाते, आणि ब्राउझर प्रत्येक साइटला ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतो. मास्तरांना वाटतं इंटरनेट गेलं. सुट्टीतही आठवड्यातून एकदा सगळी मशिनं तासभर चालू ठेवायला शिपायाला सांगून ठेवा, आतला ओलावा त्या उष्णतेनेच सुकतो. डिस्प्ले आला नाही तर आधी रॅम काढून सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. पावसाळ्यातल्या बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

अर्थिंग तपासल्याशिवाय एकही प्लग लावू नका. जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नाही, एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा पडतो. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मल्टिमीटर दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवत असेल तर वायरमनला बोलवा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की लॅनची वायरही काढायची. नुसता मेन स्विच बंद करून भागत नाही, लॅनचं पोर्ट त्या वायरीतूनच जळतं.

प्रेषक: न्यू जर्सी

> ३५ वॅट आणि ५४ वॅट

महावितरणची वीज गेली की इन्व्हर्टरवर चालवायचं आहे, १५० एएचची एक बॅटरी. या १९ वॅटचा तिथे किती फायदा होईल?

प्रेषक: टोरांटो

वाटतो तेवढा नाही. तो आकडा पूर्ण भाराचा आणि कूलर किती मोठा लागेल ते ठरवण्याचा, मीटरचा नव्हे. टायपिंग करताना दोन्ही मशिनं साधारण सारखीच वीज घेतात. मशीन ३० आणि एलईडी मॉनिटर २० असे ५० वॅट धरा. आठांचे ४०० झाले. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास, पण बॅटरी पार रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडे खातो, तेव्हा हाती हजाराच्या आसपास. सव्वादोन ते अडीच तास मिळतील. वेळ वाढवायचा असेल तर मॉनिटरची ब्राइटनेस उतरवा.

मालवणकरांचं बोर्डाचं म्हणणं मात्र निर्णायक आहे. एच११० बोर्ड गेला तर बदली बोर्ड जुन्या बायोसचा (बोर्डावरच्या, मशीन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरचा) निघण्याची भीती असते. जी४५६० इंटेलच्या सातव्या पिढीचा, सहाव्या पिढीच्या काळातला बायोस त्याला ओळखत नाही, पडदा काळाच राहतो, आणि अपडेट करायला सहाव्या पिढीचा प्रोसेसर शोधत बसावं लागतं. त्या बोर्डाची पुढची वाटही सातव्या पिढीच्या आय७-७७००के ला संपते. अ‍ॅथलॉनच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डावर उद्या एएमडीचाच रायझन ३ ३२००जी बसतो, चार कोअर मिळतात, आणि तो विंडोज ११ च्या यादीतही आहे. फक्त बायोस आधी, जुना प्रोसेसर असतानाच अपडेट करायचा, आणि तोही यूपीएसवर. मधेच वीज गेली तर बोर्ड संपला.

एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, हे काम करणाऱ्याला आधीच सांगा. प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी पेस्ट वाळून चिकटलेली असते. कूलर सरळ वर ओढला की सॉकेट बंद असूनही प्रोसेसर उपसून येतो आणि पिना वाकतात. मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम करावी, बंद करून प्लग काढावा, मग कूलर डावी-उजवीकडे थोडा पिळत सोडवावा. वाकलेली पिन ०.७ च्या पेन्सिलीच्या रिकाम्या टोकाने हळूच सरळ होते. पेंटियमच्या सॉकेटमधली वाकली तर तेवढं सोपं नाही.

तेव्हा रत्नागिरीकडूनच घ्यावीत, पण आठही मशिनांच्या पाठीचे जवळून काढलेले फोटो आणि बायोसच्या पहिल्या पानाचा फोटो मागवून. भुकटी दिसली तर ते मशीन बदलून घ्यायचं, तो तयार नसेल तर कोल्हापूरची पेंटियम घेऊन हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घालून मागायची.

प्रेषक: मालवण

फोटो आले की इथे टाका, मी बघून सांगतो. आगाऊ रक्कम त्यानंतरच द्या.