हॅट ‘ट्रिम’ करणे, हॅबरडॅशरी वगैरे: मराठीत काय म्हणता?

गवताची उन्हाळी हॅट आहे, रुंद काठाची, एकदम साधी. तिला फीत लावायचीय, काठालाही काहीतरी करायचंय आणि जमलं तर एक विणलेलं फूल. इंग्रजीत याला हॅट ट्रिम करणं म्हणतात, पण मराठीत ‘हॅट ट्रिम केली’ म्हटलं की लोकांना वाटतं काठ कापला, दाढी ट्रिम करतात तसा. ‘सजवणे’ मला फारच ढोबळ वाटतं. आणि हॅबरडॅशरीला काय म्हणता?

—

एकच क्रियापद शोधत बसू नका ताई, मिळणार नाही आणि गरजही नाही. मराठीत काय लावताय त्यावर ठरतं. काठावर पट्टी दुमडून शिवली की गोट लावला, चुण्या घालून मोकळी सोडली की झालर लावली, माथ्याभोवती फिरवली तर फीत बांधली, लोंबतं सोडलं तर गोंडा. अख्खी हॅट कापडाने झाकली तरच मढवली म्हणायचं. ‘ट्रिम’मध्ये हे सगळं एकाच पोत्यात भरलंय, आपल्याकडे ऐकूनच कळतं नेमकं काय केलंय.

जाता जाता, माथा वर निमुळता असेल तर साधी सरळ फीत लावू नका, खालून घट्ट बसते आणि वरची कड सुटी राहते. उरेप पट्टी कापा, ती तिरकी असल्यामुळे ताणली जाते आणि गोलाईवर नीट बसते. आणि चिकटवू नका हो, शिवा. बाहेरून बारीक टाका, आतून लांब, म्हणजे पुढच्या वर्षी फीत बदलायची तर दोरा कापला की झालं.

—

हॅबरडॅशरीचा घोळ इंग्रजीतही आहेच. ब्रिटनमध्ये सुया, रिळं, बटणं, हुक, रिबिनी असलं शिवणाचं सटरफटर सामान, आणि अमेरिकेत पुरुषांचे शर्ट, टाय, हॅट. राष्ट्राध्यक्ष होण्याच्या खूप आधी हॅरी ट्रुमन यांनी 1919 मध्ये कॅन्सस सिटीत भागीदारीत हॅबरडॅशरी काढली होती ती या दुसऱ्या अर्थाची, 1922 मध्ये बंद पडली. मराठीत बोलताना बरेच जण सरळ ‘कटलरी’ म्हणतात, त्यात रिबिनी, पिना, बांगड्या सगळं येतं, सुरी-काटे सोडून! मला तो शब्द आवडतो पण लिहिताना वाचणारा गोंधळेल, तिथे ‘शिवणाचं सामान’ बरं. बाकी शुद्ध मराठी शब्दाचा हट्ट धरणाऱ्यांसाठी: काज, फीत दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेत, अस्तर फारसीतून. काढा बघू आता ब्लाउजमधून.

—

‘विणलेलं फूल’ म्हणजे दोन सुयांवरचं की क्रोशाचं? मराठीत विणणे फार मोठं आहे, कापड विणतात, टोपली विणतात, कोळी जाळं विणतो आणि स्वेटरही विणतात, म्हणून विणकाम म्हटलं की एखाद्याला हातमागच आठवतो. इथे मात्र इंग्रजीची बाजू वरचढ, त्यांच्याकडे कापड-टोपलीला ‘वीव्ह’, स्वेटरला ‘निट’ आणि क्रोशाला ‘क्रोशे’ असे वेगळे शब्द आहेत. पण क्रोशात आपण जिंकतो 😄 ब्रिटिश ज्या टाक्याला डबल क्रोशे म्हणतात त्यालाच अमेरिकन सिंगल म्हणतात, पॅटर्न कुठला आहे ते बघितलं नाही तर सगळं माप चुकतं. आपलं साखळी, मुका खांब, खांब, भांडणच नाही.

—

क्रोशाचंच फूल. पण आता वाटतंय फीतही विणावी, दोन सुयांवर, एक सुलट एक उलट. याला मराठीत काही नाव आहे का? मी आपलं रिब म्हणते.

—

रिबच म्हणतात सगळे, नाहीतर ‘एक सुलट एक उलट’ हेच नाव. पण लोकर नको, उन्हात कपाळाला गरम होईल आणि घामाने भिजेल, सुती दोरा घे. रिब ताणली जाते म्हणून माथ्याच्या घेरापेक्षा थोडी कमी लांबी ठेव, आणि टाके बंद करताना हात सैल सोड नाहीतर ती कड आवळते आणि हॅटवर चढवताना वैताग येतो. लावल्यावर दोन-चार ठिकाणी टाके घालून अडकव, नाहीतर वर सरकते.