ठेव ठेवताना ख्रिस्ती माणसानं काय बघावं?

खानापूरकर:
आई मिशन शाळेतून निवृत्त झाली, आठ लाख आलेत. दारू-तंबाखूला कर्ज देणारी, गोरगरिबांना पिळणारी बँक मला नको. गरिबाला कर्ज दिलंस तर सावकारासारखा वागू नकोस, असं बायबलातलं निर्गम 22:25 सांगतं. पुढच्याच वचनात गहाण घेतलेलं पांघरूण दिवस मावळायच्या आत परत द्यायला सांगितलंय. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत एका विधवा बाईचा हप्ता चुकला. वसुलीची दोन पोरं रात्री नऊपर्यंत तिच्या उंबऱ्यावर बसून होती. आत पोरं उपाशी, चुलीवर भात तसाच. आपल्या ठेवीतून असली कर्जं वाटली जात असतील तर ते व्याज मला पचणार नाही. म्हणून आमच्या चर्चच्या मंडळीतल्या माणसांच्या सोसायटीत, म्हणजे पतसंस्थेत, पैसे ठेवावेत म्हणतो.

कॅम्पवाला:
दादा, सोसायटी म्हणजे बँक नव्हे. बँकेत, अगदी सहकारी बँकेतसुद्धा, मुद्दल-व्याज मिळून 5 लाखांपर्यंत विमा आहे. 2020 च्या आधी तो 1 लाखच होता. पतसंस्थेला तेवढंही कवच नाही. माझ्या काकांचे अडीच लाख एका सोसायटीत अडकले. संचालक सगळे चर्चमध्ये शेजारच्या बाकावर बसणारे. काका सात वर्षं पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फेऱ्या मारत होते, शेवटी तसेच गेले. आईचे पैसे दोन बँकांत चार-चार लाख ठेव. म्हाताऱ्या आईची पुंजी राखणं हेही ख्रिस्ती कर्तव्यच आहे.

निपाणीची लेक:
तंबाखूचं एवढं सरसकट बोलू नका. माझी आई वखारीत तंबाखूची धूळ नाकातोंडात घेत राबली, त्यावर माझी नर्सिंगची फी भरली. बिडीनं काय होतं ते मी वॉर्डात रोज बघते. तरी सांगते, वखारीचं कर्ज बंद झालं की पहिल्यांदा मालक नाही, अशा बायका घरी बसतात. त्यांना दुसरं काम उभं करायला कर्ज देणारी बँक असेल तर सांगा, माझी ठेव उद्या तिथं.

खानापूरकर:
ताई, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण कॅम्पवाले, सोसायटीचा विचारच मुळात सावकारी मोडायला आला. जर्मनीत रायफायझन नावाच्या माणसानं ख्रिस्ती श्रद्धेपोटी शेतकऱ्यांच्या पतपेढ्या काढल्या. आपल्याकडचा 1904 चा सहकारी कायदा त्याच धर्तीवरचा, आणि 1905 मध्ये पहिली सोसायटी निघाली ती इथंच कर्नाटकात, गदगजवळच्या कणगिनहाळला. माणसं एकमेकांना ओळखतात, एकमेकांना जामीन राहतात, हीच तिची ताकद.

कॅम्पवाला:
काकाही सगळ्यांना ओळखत होते. आणि ख्रिस्ती नावावर जाऊ नकोस. त्रिशूरची कॅथलिक सिरियन बँक 1920 ची, 2019 पासून नुसती सीएसबी झाली.

खानापूरकर:
मग सहा लाख बँकांत ठेवतो, दोन सोसायटीत. रविवारी भक्तीनंतर चेअरमनना गाठून ऑडिट रिपोर्ट मागतो. हप्ता थकला की वसुलीला कोण जातं, तेही विचारतो.

कॅम्पवाला:
रिपोर्ट हातात आला की इथं टाक, मी वाचतो. तोवर आईची सही घेऊ नकोस.