वय ४८, दम आहे पण वेग गेला. सराव कसा बदलावा?

पोटरीग्रस्त
आठवड्यातून पाच दिवस पळतो. चाळिशीत १० किमी ५० मिनिटांत व्हायचं, आता ५५ च्या आत काही येत नाही. गंमत म्हणजे २० किमी पळून आलो तरी दुसऱ्या दिवशी ठणठणीत. पण ४०० मीटरच्या जोरदार फेऱ्या मारल्या की चौथ्या-पाचव्या फेरीला डाव्या पोटरीत आतून दोरी ओढल्यासारखं होतं. वर्षात तीनदा झालं. वेगाचा नाद सोडून नुसतं लांब पळावं का? जाणकारांनी सांगा.

निवांत_गडी
सोडा हो. मी पन्नाशीला चालण्यावर आलो, गुडघे दुवा देतात.

लाल_माती
सोडू नका. वयाबरोबर आधी जातो तो झटका, दम नंतर. उसेन बोल्टने १०० मीटरला ९.५८ सेकंदांचा विक्रम केला तेव्हा तो २२ वर्षांचा होता. केनियाच्या किपचोगेने बर्लिन मॅरेथॉनला २:०१:०९ तास वेळ दिली ती ३७व्या वर्षी. स्नायूंतले जलद तंतू आधी बारीक होतात आणि संथ पळण्यात त्यांना फारसं कामच मिळत नाही. म्हणजे नुसतं लांब पळालात तर जे जातंय ते आणखी लवकर जाईल.

दमाचं म्हणाल तर बैठ्या माणसाची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण १० टक्के घटते. कसून सराव करणाऱ्यांची घट निम्म्यावर राहू शकते. हृदयाचे कमाल ठोके मात्र कितीही पळा, कमी होतातच. घड्याळात ठोक्यांचे चाळिशीतले आकडे भरलेले असतील तर आधी ते बदला.

तीनदा धरली म्हणजे फिजिओला दाखवाच. त्यांनी हिरवा कंदील दिला की सहा-आठ आठवडे फेऱ्या बंद आणि पोटरीची ताकद. पायरीच्या कडेला चवडे टेकवून दोन्ही पायांनी वर, एका पायाने चार मोजत खाली. मग हेच गुडघा किंचित वाकवून, त्याने आतला स्नायू कामाला लागतो. नंतर आठवड्यात एकच जोराचा दिवस, पुढचे दोन दिवस हलके.

निवांत_गडी
पण तो कॅनडाचा धावपटू एड व्हिटलॉक? ७३व्या वर्षी २:५४ तासांत मॅरेथॉन, आणि सराव काय, तर तासन्‌तास संथ पळणं!

लाल_माती
शर्यतीही ढिगाने पळायचा की. त्याचं वेगाचं काम तिथे व्हायचं.

साठीची_धाव
वय ६२. रजोनिवृत्तीनंतर माझी ताकद भराभर उतरली. ५७व्या वर्षी वजनं उचलायला लागले, तेव्हा कुठे चढावर पाय पुन्हा ऐकू लागले. आणि एक, जुन्या वेळा लिहिलेली वही कपाटात टाका. मी साठीनंतर नवीन केली. त्यात पहिल्याच महिन्यात विक्रम!

पोटरीग्रस्त
आत्ताच जिन्यात करून पाहिलं, मोजत नाही, हलकंसं. उजवा पाय पंधरा वेळा आरामात, डावा सातव्यालाच लटपटला. दुखणारी हीच! फिजिओची वेळ घेतोय. दोन्ही पायांना सारखाच व्यायाम द्यायचा की डाव्याला जास्त?

लाल_माती
सुरुवात डाव्याने करा, आणि तो जितकं करेल तितकंच उजव्याला.