एक्सपल्स प्रो: मुरमावर हँडल थरथरतंय, प्रिलोड वाढवू का?

मुरूमवाट:
हीरोची एक्सपल्स २०० ४व्ही प्रो बाइक घेऊन दोन महिने झाले. सीट ८९१ मि.मी., मी साडेपाच फूट, वजन ६४. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांकडे जाणारा मुरमाचा रस्ता डंपरने पन्हाळी पत्र्यासारखा करून ठेवलाय. तिथे चाळीसच्या पुढे गेलं की हँडल थरथरतं, उतारावर तर जास्तच. पहिले दोन-तीन दणके गाडी मस्त गिळते, मग पुढून काठीसारखी कडक. मित्र म्हणाला रिबाउंड (दबलेलं सस्पेन्शन किती हळू परत वर येतं ते ठरवणारा स्क्रू) पूर्ण आवळ. आवळला, तर अजून बिघडलं. आता प्रिलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, वाढवू का?

ग्रीसवाले काका:
थांब, आधी पट्टी घे. पुढचं चाक हवेत ठेवून डस्ट सीलपासून (फोर्कच्या नळीभोवतीचं रबर) खालच्या टीपर्यंत (फोर्क धरणारा आडवा तुकडा) माप. मग हेल्मेट-बूट घालून गाडीवर बस, कोणालातरी गाडी धरायला लाव, पुन्हा माप. एकदा फोर्क (पुढचं सस्पेन्शन) दाबून हळू सोड, एकदा उचलून हळू सोड. आकडे वेगळे येतील, कारण सील घासतात. सरासरी काढ. प्रोला पुढे २५० मि.मी. ट्रॅव्हल, म्हणजे चाकाची वर-खाली चाल आहे, त्यात तुझ्या वजनाने ६५ ते ७५ बसला तर स्प्रिंगचं काही दुखत नाही.
आणि फोर्कच्या नळ्या वरच्या टीच्या किती बाहेर आहेत, तेही बघ.

मुरूमवाट:
सॅग, म्हणजे माझ्या वजनाने फोर्क बसतो तो, ७० आला. नळ्या मूळपेक्षा १५ मि.मी. वर आहेत काका. पाय टेकत नव्हते म्हणून गॅरेजवाल्याने सरकवून दिल्या. मागे काही केलं नाही.

ग्रीसवाले काका:
मग झालं की! नुसतं पुढून खाली घेतलं की हँडलचा कोन उभा होतो. गाडी चटकन वळते खरी, पण सरळ चालायला कुरकुरते. त्यात रिबाउंड आवळलास. फोर्क दबला की परत वर यायला वेळ लागतो, तोवर पुढचा दणका हजर. असं करत तो खालीच बसत जातो, कोन आणखी उभा, वर ट्रॅव्हलही संपत आलेला. तुझी काठी ती हीच.
नळ्या मूळ जागी आण, दोन्ही सारख्या. रिबाउंड मॅन्युअलमधल्या नंबरवर. आधी हलक्या हाताने पूर्ण आत घे, मग क्लिक मोजत बाहेर ये. पुढे एका वेळी दोनच क्लिक, आणि रस्त्याचा तोच तुकडा. कॉम्प्रेशनला (फोर्क दबण्याच्या सेटिंगला) आत्ता हात लावायचा नाही. वहीत लिही, लक्षात राहील म्हणतात ते सगळे विसरतात.

चिखलगाडी:
एक भर. नळ्या हलवल्यात तर एक्सलचा क्लॅम्प बोल्ट सैल ठेवून, ब्रेक धरून फोर्क पाच-सहा वेळा दाब, मग आवळ. नाहीतर फोर्कचे पाय तिरके राहतात, फोर्क अडकत चालतो. कोनसेटही (हँडलचे बेअरिंग) बघ. ब्रेक धरून पुढेमागे हलवलं की टकटक येते का?

मुरूमवाट:
कोनसेट ठीक. रविवारी तोच उतार पंचावन्नने उतरलो, हँडल गप्प. मॅन्युअलच्या नंबरवरून दोन क्लिक अजून बाहेर घेतलेत. पाय मात्र पुन्हा चवड्यावरच.

ग्रीसवाले काका:
जाड तळव्याचे बूट घे. नाहीतर सीटचा फोम काप, पण फोर्कच्या वाटेला जाऊ नकोस.