सेलर मूनचं नटणं: चिलखत की खेळण्यांची जाहिरात?

पाऊसवेडी:
लेकीसोबत 'सेलर मून' पहिल्यापासून बघतेय. तोएई अ‍ॅनिमेशन या जपानी स्टुडिओची १९९२ ते १९९७ ची मूळ कार्टून मालिका, चांगले २०० भाग आहेत, त्यामुळे घाई नाही. उसागी त्सुकिनो, वय १४. शाळेला रोज उशीर, इंग्रजीच्या पेपरात ३० मार्क, आणि जरा खुट्ट झालं की भोकाड. लूना नावाची बोलकी काळी मांजर तिला ब्रोच देते. तो हातात घेऊन ही ओरडते, अंगाभोवती फिती गुंडाळल्या जातात आणि बाई राक्षसांशी लढणाऱ्या सेलर मून होतात.

नवरा म्हणाला, "जग बुडतंय आणि ही नटत बसलीय!" तेव्हापासून घरात वाद पेटलाय. माझं म्हणणं, ते नटणं हेच तिचं चिलखत आहे. आपल्याकडे कर्तबगार पोरीचं कौतुकसुद्धा "ही मुलगी नाही, माझा मुलगाच" असं करतात. उसागी फिती, बूट, अंबाड्यांसकट मुलगीच राहून लढते. तुम्हाला काय वाटतं?

खडूस_काका:
असहमत. चिलखत वगैरे काही नाही, दुकान आहे ते. पहिला भाग आठवा. राक्षसीण दागिन्यांच्या दुकानात मातीमोल भावात माल काढते, बायका तुटून पडतात आणि ते दागिने त्यांची शक्ती शोषतात. छान, बोधप्रद. आणि ही मालिका चालली कशावर? बँडाईच्या खेळण्यांवर! नवा सीझन आला की नवा ब्रोच, नवी छडी. म्हणजे राक्षसिणीने विकलं तर पाप आणि बँडाईने विकलं तर 'मुलींचं बळ'. शिवाय दर आठवड्याला तेच दृश्य दाखवून पैसे वाचवायचे ते वेगळेच.

तिरपांगडा:
काका, पैसे वाचतात हे खरंच. जपानी स्टुडिओत त्याला 'बँक' म्हणतात: एकदा जीव ओतून काढायचं आणि भागाभागात वापरायचं. पण म्हणूनच तर मालिकेतली सगळ्यात देखणी चित्रं तिथे असतात. आणि तोचतोचपणाचं म्हणाल, तर दशावतारात दर वेळी आधी गणपती येतोच की. "आता खरा खेळ सुरू" ही खूण असते ती.

ब्रोचचा धंदाही उसागीपासून सुरू झालेला नाही. 'हिमित्सु नो अक्को-चान' या जुन्या जपानी कार्टून मालिकेतली अक्को १९६९ मध्येच पडद्यावर जादूचा आरसा घेऊन रूपं बदलत होती. सेलर मून जिने रचली त्या ताकेउची नाओकोने नवं काय केलं, तर एकट्या जादूगार पोरीला रंगीत पोशाखांच्या पाच जणांच्या लढाऊ टोळीत नेऊन बसवलं. तोवर जपानी टीव्हीवरच्या तसल्या टोळ्यांमध्ये पोरींच्या वाट्याला एखाददुसरीच जागा यायची.

चकली:
दुकान, बँक सगळं ठीक, पण मुद्द्याचं कोणीच बोलत नाहीये. रूप बदलताना १४ वर्षांच्या मुलीची जवळजवळ उघडी आकृती दिसते. बाकीच्या मैत्रिणींची आधी नखं रंगतात, मग कॅमेरा अंगावरून फिरतो. हे कोणासाठी काढलंय? माझ्या भाचीसाठी तर नक्कीच नाही. वर तिला वाचवायला गुलाब फेकत येणारा मुखवटेवाला टक्सिडो मास्क. तो नसता तर पहिल्याच लढाईत हिचं कल्याण झालं असतं.

पाऊसवेडी:
चकली, आकृतीचं मान्य. तिथे मीही पाणी आणायला उठते :) मूळ मांगा (जपानी चित्रकथा) मात्र 'नाकायोशी' या मुलींच्या मासिकात आला, एका बाईने काढलेला.

पण पहिल्या लढाईबद्दल बोलूच. ही जमिनीवर फतकल मारून "मला घरी जायचंय" म्हणून रडते, आणि त्या रडण्याच्याच ध्वनिलहरींनी समोरच्यांना कान धरायला लावते! गुलाब येतो, हो. पण पोशाख बदलला म्हणून ती शूर झालेली नाही, हे मला फार आवडलं. रडकी ती रडकीच. पुढे पहिल्या सीझनच्या शेवटी चौघी मैत्रिणी एकेक करून मरतात, गुलाबवाला स्वतःच शत्रूच्या कह्यात असतो, आणि हीच रडूबाई एकटी पुढे जाते.

तिरपांगडा:
+१. अवांतर: उसागी म्हणजे ससा. आडनावासकट 'त्सुकि नो उसागी', चंद्रावरचा ससा. जपानी लोकांना तो तिथे मोची (भाताचे चिकट गोळे) कुटताना दिसतो. आपण चंद्राला शशी, शशांक म्हणतो तो हाच ससा. जातककथेत भुकेल्या पाहुण्यासाठी आगीत उडी घेतो तोच. आपल्या बाईंचं नाव मराठीत 'शशिकला' ठेवायला हरकत नाही.

खडूस_काका:
शशिकला मान्य. ब्रोच अजूनही अमान्य.

पाऊसवेडी:
काका, काल लेकीने लोणच्याच्या बरणीच्या झाकणाला चमकी चिकटवून ब्रोच केला. बँडाईला छदाम मिळाला नाही. लोणचं मात्र उघडं राहिलं.