स्टॉर्मट्रूपरचं हेल्मेट: नव्यानं रंगवलं तरी खेळण्यासारखंच दिसतंय

पांढरा_शिपाई
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९७७ च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटातल्या स्टॉर्मट्रूपरच्या, म्हणजे पांढऱ्या चिलखतातल्या शिपायाच्या, हेल्मेटची फायबरची तयार प्रतिकृती आहे. विक्रेत्यानं 'अगदी पडद्यावरच्यासारखी' म्हणून दिली होती, पण शेल्फवर ठेवली की लांबूनच नकली वाटते. नेमकं काय चुकलंय यावर बोट ठेवता येत नाही. आधी वाटलं, पांढरा फार निळसर आहे. म्हणून सगळं घासून पुन्हा रंगवलं, तरी फारसा फरक नाही. समोरून, बाजूनं आणि आतून काढलेले फोटो टाकलेत. डोळ्यांना फुगीर काळ्या काचा आहेत, तोंडाच्या जाळीत दोन्हीकडे तीन-तीन खाचा आरपार आहेत, गालावरच्या निळ्या पट्ट्या स्टिकरच्या आहेत. स्पष्ट सांगा, वाईट वाटून घेणार नाही. सुरुवात कुठून करू?

रंगारी
स्टिकर आधी काढा! त्या पट्ट्या ब्रशनं रंगवलेल्या हव्यात. हंब्रॉल कंपनीच्या मॉडेल-रंगांतला १४ नंबरचा फ्रेंच ब्लू घ्या, करड्या भागांना त्यांचाच ५ नंबर. पट्टीची कड किंचित हलली तरी चालेल, मूळ हेल्मेटांवरही हललेली आहे. करड्या भागाभोवतीची काळी रेघही हातानंच मारा, बारीक ब्रशनं, एका दमात.

कानस
रंगारींचं बरोबर आहे, पण रंग सगळ्यात शेवटी. आकार चुकलेला असताना कितीही चांगला रंग द्या, डोळा फसत नाही.

आधी एक ठरवा, कुठलं हेल्मेट करताय? तुमच्याकडे तीन हेल्मेटं एकात मिसळली आहेत. फुगीर काचा 'हीरो' हेल्मेटच्या, म्हणजे जवळून टिपायच्या शॉटसाठी केलेल्या मोजक्या नगांच्या. तीन-तीन खाचा 'स्टंट'च्या, म्हणजे बाकीच्या शॉटसाठी केलेल्या साध्या नगांच्या, हीरोला चार-चार असतात. आणि स्टिकरच्या पट्ट्या १९८३ च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मधल्या. सुटा बघितला तर एकेक भाग बरोबर आहे, म्हणून तर चूक हाताला लागत नाही. माझं मत विचाराल तर स्टंट करा. खाचा कापलेल्याच आहेत, आणि काचा बदलणं सगळ्यात सोपं. वेल्डिंगच्या काचेसारखी गडद हिरवी, सपाट, पारदर्शक शीट आतून बसवा.

आता तुमचा आतला फोटो बघा, डोळ्याची खालची कड. फायबर तिथे चांगलं चार-पाच मिलिमीटर जाड दिसतंय. खरा घोळ इथे आहे. मूळ हेल्मेटं प्लास्टिकची पातळ शीट तापवून साच्यावर व्हॅक्यूमनं ओढून घडवलेली. स्टंटची एचडीपीई नावाच्या प्लास्टिकची आणि वरून पांढरी रंगवलेली, हीरोची पांढऱ्या एबीएस प्लास्टिकची. शीट जिथे ताणली जाते तिथे ती आणखी पातळ होते. त्यामुळे डोळ्याची आणि जाळीची कड कागदासारखी पातळ दिसायला हवी, तुमची भिंतीतल्या खिडकीसारखी दिसतेय.

फायबर पूर्ण पातळ करायची गरज नाही. बाहेरच्या आकाराला हात न लावता आतल्या बाजूनं कड तिरकी घासत आणा, कडेच्या टोकाशी दीड मिलिमीटर उरेपर्यंत. आधी अर्धगोल कानस, मग १२० चा आणि २४० चा पॉलिश पेपर, ओला करून. फायबरची धूळ फुप्फुसात जायला नको. चांगला मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि घरातल्या खोलीत नाही.

उलट बाहेरच्या धारा तुमच्याकडे फार तीक्ष्ण आहेत. साच्याला चिकटते ती शीटची आतली बाजू. बाहेरच्या बाजूला शीटच्या जाडीएवढा बोथटपणा येतोच. भुवईच्या आणि गालाच्या कडा ३२० नं हलक्या मारून घ्या.

डावी-उजवी बाजू सारखी नाही म्हणून पुट्टी भरायला मात्र जाऊ नका. मूळ चेहराही सममित नव्हता. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये हे हेल्मेट शिल्प नाही, चित्रपट बनवण्याच्या कामातली वस्तू आहे असा निकाल दिला. प्रश्न कॉपीराइटचा होता, पण मी प्रतिकृती तपासतो ती याच नजरेनं. ज्यांनी मूळ हेल्मेटं केली त्यांना पडद्यावर शिपाई उभे करायचे होते. हातानं कापलेलं, हातानं जोडलेलं तसंच दिसलं पाहिजे.

पांढरा_शिपाई
कानस, एवढं बारकाईनं बघितलंत, मनापासून आभार. स्टंटच करतो. डोळ्याची एक कड घासून पाहिली, फरक लगेच दिसला. पण कानांचं काय? माझे कान वेगळे नाहीत, डोक्यासकट एकाच साच्यातून आलेत. जोडाच्या जागी नुसती उथळ रेघ आहे. कापून वेगळे करू का?

कानस
कापू नका. मुळात चेहरा आणि मागचा भाग वेगवेगळे, त्यांचा बाजूचा जोड कानाखाली झाकला जातो आणि कपाळावरचा काळ्या पट्टीखाली. तुमच्यात जोडच नाही, त्यामुळे कान सुटे केलेत तर बसवायला खाली नीट जागा मिळणार नाही. त्रिकोणी बारीक कानस घ्या आणि ती रेघ खोल करा, पण सगळीकडे सारखी नको. कान डोक्याच्या गोलाईवर हातानं कापून बसवलेले असायचे, त्यामुळे फट कुठे मिटलेली, कुठे नख जाईल एवढी. रेघेच्या तळाशी पातळ काळा रंग सोडा आणि लगेच पुसा. स्क्रूची डोकी साच्यात ओतलेली असतील तर ती घासून टाका आणि खरे स्क्रू लावा.

कपाळावरची पट्टीही रंगवलेली दिसतेय. तिथे खरी काळी रबरी पट्टी चिकटवा.

रंगारी
आणि जुनं दाखवायचं असेल तर मातकट रंग फासू नका. एचडीपीईवर रंग नीट धरत नाही, त्यामुळे मूळ स्टंटवर टवके उडून खालचं खाकीकडे झुकणारं प्लास्टिक दिसतं. प्रायमरनंतर तोच खाकी रंग एक हात द्या, कडांना थोडं मास्किंग फ्लुइड (वाळल्यावर सोलून निघणारं रबरी द्रव) ठिपक्यांनी लावा, वर पांढरा, आणि वाळल्यावर नखानं सोला. कानाच्या कडा आणि हनुवटी, एवढंच पुरे.